पटकीचा जंतू : पाणी हीच वाट, पाणी हेच औषध

दूषित पाण्यावाटे माणसाच्या शरीरात शिरून रोग निर्माण करणाऱ्या जिवाणूंची यादी लांबलचक आहे. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी, रक्ती आवेचा शिगेला, जुलाबांना कारणीभूत ठरणारे ई. कोलायचे काही घातक प्रकार, पुराच्या पाण्यातून त्वचेवरील जखमांवाटे शिरणारा लेप्टोस्पायरा ही त्यांतील परिचित नावे होत. या सर्वांत पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या जिवाणूचे स्थान वेगळे आहे. 'व्हिब्रिओ कॉलरी' हे त्याचे शास्त्रीय नाव. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत मृत्यूच्या दारात नेऊन ठेवण्याची त्याची क्षमता अन्य जलजन्य जिवाणूंत क्वचितच आढळते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वेळेवर उपचार मिळाल्यास या रोगाने शंभरात एखादाही रुग्ण दगावू नये, इतके साधे आणि स्वस्त औषध आज उपलब्ध आहे.

असे असूनही हा रोग संपलेला नाही. जगात दरवर्षी १३ लाख ते ४० लाख लोकांना पटकी होते आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार रुग्ण मरण पावतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे देत आली आहे. या अंदाजाच्या दोन टोकांमध्ये एवढे अंतर असण्याचे मुख्य कारण म्हणजे बहुसंख्य रुग्णांची कोठेही नोंदच होत नाही. रोगाचे कारण कळले, विष कळले, औषधही सापडले. तरी माणसे मरतच राहिली. पटकीच्या जिवाणूचा इतिहास हा बऱ्याच अंशी माणसाला कळलेल्या आणि तरीही न वळलेल्या गोष्टींचा इतिहास आहे.

जिवाणूची ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला दिसतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीड-दोन पट असते. त्याच्या एका टोकाला चाबकाच्या दोरीसारखा एकच तंतू असतो. तो फिरवून हा जिवाणू पाण्यात अतिशय वेगाने हालचाल करतो.

हा जिवाणू केवळ माणसाच्या आतड्यातच जगतो असे नाही. नद्यांची मुखे, खाड्या आणि मचूळ पाणी हे त्याचे मूळ निवासस्थान होय. तेथे तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतो आणि त्यांच्या कवचातील कायटिन या द्रव्यावर पोसला जातो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो सुप्तावस्थेत जातो. या अवस्थेत प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतीने त्याची वाढ होत नाही, मात्र तो जिवंत असतो. देवीचा विषाणू माणसाखेरीज अन्यत्र राहत नव्हता, म्हणून लसीकरणाने देवीचे समूळ उच्चाटन करता आले. पटकीच्या बाबतीत ते शक्य नाही. पाण्यातून हा जिवाणू काढून टाकता येणार नाही. माणसाच्या विष्ठेतून माणसाच्या पेल्यापर्यंत येण्याची त्याची वाट मात्र बंद करता येते.

या जिवाणूचे २०० हून अधिक गट ज्ञात आहेत. त्यांपैकी ओ-१ आणि ओ-१३९ या दोनच गटांनी मोठ्या साथी घडवून आणल्या आहेत. ओ-१ गटात अभिजात आणि एल टोर असे दोन प्रकार आहेत. एल टोर हे सिनाई द्वीपकल्पातील एका विलगीकरण केंद्राचे नाव. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या शरीरात १९०५ मध्ये तेथे हा प्रकार आढळला. अभिजात प्रकारापेक्षा तो सौम्य असतो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही किंवा साधे जुलाब होतात. पण त्यांच्या विष्ठेतून जिवाणू काही दिवस बाहेर पडत राहतात. त्याचा हा सौम्यपणाच साथीच्या प्रसाराला अनुकूल ठरला. १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून निघालेल्या एल टोरने आशिया, १९७० मध्ये आफ्रिका आणि १९९१ मध्ये पेरूमार्गे दक्षिण अमेरिका गाठली. पटकीची ही सातवी जागतिक साथ अजूनही संपलेली नाही. १९९२ च्या अखेरीस चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, ओ-१३९ हा नवा गट उघडकीस आला आणि बंगालच्या उपसागराच्या काठाने पसरला. पुढे त्याचा जोर ओसरला.

रोग निर्माण करणारे विष बनविण्याची क्षमता या जिवाणूची स्वतःची नाही, ही आणखी एक लक्षणीय बाब. विषाची जनुके त्याला एका विषाणूकडून मिळालेली आहेत, असे मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकालॅनॉस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. जिवाणूंना संसर्ग करणारा हा विषाणू आपली जनुके यजमान जिवाणूच्या गुणसूत्रात घालतो. त्यामुळे पाण्यात निरुपद्रवीपणे राहणारा जिवाणूही घातक होऊ शकतो.

शरीरात काय घडते

जठरातील आम्ल हा या जिवाणूचा मोठा शत्रू. म्हणूनच निरोगी माणसाला रोग होण्यासाठी बहुधा फार मोठ्या संख्येने जिवाणू पोटात जावे लागतात. कुपोषित व्यक्ती किंवा आम्लता कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यात त्याहून खूपच कमी जिवाणू पुरेसे ठरतात. जठरातून वाचलेले जिवाणू लहान आतड्यात पोहोचतात, तेथील अस्तराला चिकटतात आणि विष सोडू लागतात.

या विषाचे दोन भाग असतात. एक भाग आतड्यातील पेशीच्या पृष्ठभागावर घट्ट बसतो, तर दुसरा पेशीच्या आत शिरतो. आत शिरलेला भाग पेशीतील एक रासायनिक कळ कायमची चालू करून ठेवतो. परिणामी पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते. त्यामागोमाग सोडियम आणि पाणी आतड्यात उतरते. आतड्याच्या अस्तराला जखम होत नाही, व्रण पडत नाही, रक्तस्रावही होत नाही. आतडे शाबूत राहते आणि त्याच्या वाटेने शरीरातील पाणी निघून जाते.

जिवाणू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणे दिसू लागतात. पोटात फारसे न दुखता तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पातळ जुलाब सुरू होतात. बरोबर उलट्याही होतात. ताप सहसा नसतो. तीव्र आजारात ताशी एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज घोगरा होतो, पायांत गोळे येतात, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसते, लघवी थांबते आणि नाडी लागेनाशी होते. उपचार न मिळालेल्या अशा तीव्र रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात. 'ओ' रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये आजार अधिक तीव्र होतो, असेही आढळले आहे.

जुनी नावे, जुन्या साथी

पश्चिम किनाऱ्याला या रोगासारख्या व्याधीची ओळख फार जुनी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात अचानक उलट्या, जुलाब आणि गोळे येऊन थोड्या वेळात माणसाचा अंत करणाऱ्या रोगाचे वर्णन आहे. कोंकणी-मराठीतील 'मोडशी' या शब्दावरून पोर्तुगीजांनी 'मोर्देशिम' असे रूप घडविले. पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मॉर द शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे रूपांतर केले. आज मराठीत मोडशी हा शब्द अपचनातून होणाऱ्या उलट्या-जुलाबांपुरता उरला आहे.

जगभर पसरलेली पहिली साथ १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथून सुरू झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या सैन्यात तिने हाहाकार उडविला. सैन्याच्या हालचाली आणि व्यापाराचे मार्ग यांबरोबर ती दख्खनेत उतरली आणि १८१८ मध्ये मुंबईत पोहोचली. तेथून जहाजांबरोबर ती पुढे गेली. १८१७ ते १९२३ या काळात अशा सहा जागतिक साथी येऊन गेल्या.

महाराष्ट्रातील खेड्यांनी या संकटाला मरीआई या देवतेच्या रूपात पाहिले. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेण्याची प्रथा होती; गाड्याबरोबर रोगही शिवेबाहेर जातो, अशी त्यामागची श्रद्धा. सरकारी दप्तराने मात्र यात्रांकडे बोट दाखविले. १९ व्या शतकातील मुंबई इलाख्याच्या आरोग्य अहवालांत पंढरपूरच्या यात्रेचा पटकीच्या संदर्भात वारंवार उल्लेख येतो. यात्रेकरूंची दाटी, नदीकाठची अस्वच्छता आणि स्नान व पिणे या दोन्हींसाठी वापरले जाणारे एकच पाणी ही त्यामागची कारणे होती. वारकरी परतताना रोग गावोगाव पोहोचत असे. यात्रेवर निर्बंध घालणे सरकारला सोपे वाटे. यात्रेकरूंना शुद्ध पाणी पुरविणे खर्चाचे होते.

पाण्यावरचा संशय

१९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक युरोपीय डॉक्टरांच्या मते पटकीचे मूळ दुर्गंधीयुक्त हवेत होते. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये हे मत नाकारले आणि रोग पाण्यावाटे पसरतो असे प्रतिपादन केले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात ६०० हून अधिक माणसे मरण पावली. स्नो यांनी घरोघरी चौकशी केली असता मृतांपैकी बहुतेकांनी एकाच हातपंपाचे पाणी प्यायल्याचे दिसून आले. त्याच परिसरातील बिअरच्या कारखान्यातील कामगार मात्र वाचले होते. ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे.

त्यांचा खरा भक्कम पुरावा निराळा होता. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच वस्तीत, शेजारशेजारच्या घरांना पाणी पुरवीत असत. एक कंपनी थेम्स नदीच्या शहरातील गटारमिश्रित भागातून पाणी घेई. दुसरीने १८५२ मध्ये आपला पाणउपसा शहराच्या वरच्या बाजूला हलविला होता. १८५४ च्या साथीत पहिल्या कंपनीच्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, तर दुसरीच्या ३७. हवा एकच, वस्ती एकच. फरक होता तो फक्त पाण्याचा. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी मृतांच्या आतड्यात हा वाकडा जिवाणू पाहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या दोघांकडेही त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. जिवाणूच्या अधिकृत शास्त्रीय नावाला पाचिनी यांचे नाव जोडले गेले ते १९६५ मध्ये.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३ मध्ये आधी अलेक्झांड्रियात आणि नंतर कोलकात्यात शोध घेऊन १८८४ मध्ये हा जिवाणू रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. लोक ज्या तलावाचे पाणी पीत होते, त्याच तलावात कॉख यांना हा जिवाणू सापडला. हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मात्र हा निष्कर्ष दीर्घकाळ मान्य केला नाही. रोग संसर्गजन्य असल्याचे कबूल केल्यास हिंदी बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर निर्बंध येतील, ही भीती त्यामागे होती.

१८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसे दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवीत असे. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे, किंबहुना हॅम्बुर्गच्या सांडपाण्याच्या खालच्या बाजूचे पाणी घेई. परंतु ते वाळूच्या थरांतून गाळून पुरविले जाई. आल्टोना जवळजवळ पूर्णपणे बचावले. त्याच वर्षी कॉख यांचे विरोधक माक्स फॉन पेटेनकोफर यांनी केवळ जिवाणूंनी रोग होत नाही हे सिद्ध करण्यासाठी जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. त्यांना किरकोळ जुलाबांपलीकडे काही झाले नाही. त्यांनी तो आपला विजय मानला; परंतु वाद तोपर्यंत आल्टोनाच्या वाळूने निकाली काढला होता.

मुंबईपुरते पाहिले तर विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले. त्यापाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची भर पडली. उघड्या विहिरी आणि तलावांवरचे शहराचे अवलंबन त्यामुळे क्रमाने घटत गेले.

कोलकात्यातील शोध

जिवाणू सापडला तरी तो माणसाला कसा मारतो, हे पुढील पाऊणशे वर्षे स्पष्ट झाले नव्हते. ते कोडे सोडविले कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जिवाणू सोडण्याची पद्धत त्यांनी १९५३ मध्ये मांडली. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेले द्रावण तशाच भागात सोडले. तरीही आतडे पाण्याने फुगले. रोगाचे कारण जिवाणूने बाहेर टाकलेले विष आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. साध्या साधनांनिशी केलेला हा प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पटकीवरील पुढील बहुतेक संशोधन या शोधावर उभे आहे. डे यांची दखल मात्र देशात फार उशिरा घेतली गेली. त्यांचे १९८५ मध्ये निधन झाले.

मीठ-साखरेचे पाणी

शरीरातून गेलेले पाणी परत भरून काढणे, हाच पटकीवरील उपचार होय. स्कॉटिश डॉक्टर थॉमस लाटा यांनी १८३२ मध्येच रुग्णांच्या शिरेतून मिठाचे पाणी देऊन पाहिले होते. २० व्या शतकाच्या प्रारंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाइनच्या साह्याने मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. परंतु सलाइनला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि प्रशिक्षित माणसे लागतात. साथ जेथे येते, तेथे नेमक्या याच गोष्टी नसतात.

तोंडाने दिलेले नुसते मिठाचे पाणी आतडे शोषून घेत नाही. मिठाबरोबर साखर असेल तर मात्र आतड्यातील पेशी दोन्ही एकत्र आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते. साखर आणि सोडियम यांच्या जोडीने आत जाण्याची ही वाट रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीचे विष या वाटेला धक्का लावीत नाही. ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये हे तत्त्व रुग्णांवर यशस्वी करून दाखविले.

त्याची खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. रुग्णालयात जमिनीवर दाटीवाटीने पडलेल्या रुग्णांना पुरेल एवढे सलाइन नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण पिंपांतून देण्यास सुरुवात केली. रुग्णाला ते पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. जलसंजीवनी किंवा ओआरएस या नावाने हे द्रावण पुढे जगभर गेले. त्याने ५ कोटींहून अधिक जीव वाचविले असावेत, असा अंदाज केला जातो. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जलसंजीवनीने जुलाब तत्काळ थांबत नाहीत; ती शरीरातील पाणी राखते. घरातील माणसांची फसगत नेमकी येथेच होते. पाजलेले सारे बाहेर पडते, असे समजून पाणी बंद करणे किंवा पोटाला विश्रांती म्हणून रुग्णाला उपाशी ठेवणे घातक होय. बाळाचे स्तनपान चालूच ठेवावे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा मिसळावा. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये; जास्त मीठ मुलांना अपायकारक ठरते. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. रुग्ण गळून गेला असेल, पिऊ शकत नसेल किंवा लघवी थांबली असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे; अशा वेळी शिरेतून द्रव देण्यास पर्याय नाही. तीव्र आजारात डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविके आणि मुलांना जस्ताची मात्राही दिली जाते.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

डोळ्यांना नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. तुरटीने गाळ खाली बसतो. सर्व जिवाणू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळणे हा घरगुती उपायांतील सर्वांत खात्रीचा उपाय आहे. क्लोरीननेही पटकीचा जिवाणू सहज मरतो, मात्र पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. म्हणून आधी गाळणे आणि मग क्लोरीन, हा क्रम पाळावा लागतो.

कापडाने पाणी गाळण्याच्या आपल्याकडील जुन्या सवयीलाही शास्त्रीय आधार मिळाला आहे. पटकीचा जिवाणू सुती कापडाच्या छिद्रांतून सहज पार होईल इतका लहान असतो. तो ज्या कोपेपॉडांना चिकटलेला असतो, ते मात्र अडकतात. रीटा कॉलवेल, अन्वर हक आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. जुनी साडी अधिक उपयुक्त ठरली, कारण वारंवार धुण्याने तिचे धागे सुटून छिद्रे लहान झालेली असतात. गाळण्याने धोका निम्म्यावर येतो. उरलेल्या निम्म्यासाठी उकळणे किंवा क्लोरीन लागतेच.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजेच विरंजक चूर्ण, टाकून पाण्याचे शुद्धीकरण करतात आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे रंगाच्या चाचणीने तपासतात. स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. या व्यवस्थेचे यश पावडर कार्यालयात आहे की नाही यावर नाही, तर ती रोज पाण्यात पडते की नाही यावर अवलंबून असते. ही पावडर उघडी राहिली किंवा जुनी झाली की तिच्यातील क्लोरीन उडून जातो.

शहरांतील धोका निराळा आहे. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या नळांत उरलेला वेळ दाब नसतो. गटाराच्या शेजारून गेलेल्या गळक्या जलवाहिनीत अशा वेळी बाहेरचे सांडपाणी ओढले जाते. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्दोष पाणी घरात पोहोचेपर्यंत दूषित होते ते असे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये. ई. कोलाय आढळला, याचा अर्थ पाण्यात कोठेतरी विष्ठा मिसळत आहे. ज्या वाटेने तो आला, त्याच वाटेने पटकीचा जिवाणूही येऊ शकतो.

लसीची मर्यादा

पॅरिसमध्ये पटकीची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले आणि त्यांनी कोलकात्याच्या वस्त्यांत तिचा प्रयोग केला. पुढे मुंबईत त्यांनी प्लेगवर लस शोधली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टोचून देण्याच्या जुन्या लशीचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळाचे असल्याने १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिच्या दाखल्याची अट काढून टाकण्यात आली. आजच्या लशी तोंडाने देण्याच्या आहेत. कोलकात्यातील वस्त्यांत झालेल्या मोठ्या चाचणीत अशा लशीच्या दोन मात्रांनी पाच वर्षांच्या काळात सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. मागणी वाढून पुरवठा अपुरा पडल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये साथीच्या वेळी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय पातळीवर घ्यावा लागला. लस साथ रोखायला वेळ मिळवून देते; पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था तिच्याने होत नाही.

साथ कोठे येते

हैती या देशात एका शतकाहून अधिक काळ पटकीची नोंद नव्हती. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे साथ उद्भवली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीच्या तळावरील मैला नदीत गेल्याने जिवाणू तेथे पोहोचला, असे तपासातून दिसून आले. सुमारे ८ लाख २० हजार लोकांना लागण झाली आणि जवळजवळ १० हजार मरण पावले. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की मून यांनी डिसेंबर २०१६ मध्ये हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. येमेनमध्ये युद्धात पाणीपुरवठा आणि रुग्णालये उद्ध्वस्त झाली. २०१६ नंतरच्या काही वर्षांत तेथे संशयित रुग्णांची संख्या २५ लाखांवर गेली.

महाराष्ट्रही यापासून पूर्णतः मुक्त नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने पटकीची साथ आली आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. लंडनच्या पंपानंतर १६८ वर्षांनी, बनगावनंतर ५१ वर्षांनी घडलेली ही घटना. रोगाचे कारण आणि उपचार दोन्ही ज्ञात होते. गावापर्यंत पोहोचले नव्हते ते सुरक्षित पाणी.

पटकीने होणारे मृत्यू २०३० पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट २०१७ मध्ये जागतिक पातळीवर ठरविण्यात आले. नव्या औषधाच्या शोधावाचून ते अडलेले नाही. पिण्याच्या पाण्याचा स्रोत मैल्यापासून वेगळा राखणे, त्या पाण्यात रोज क्लोरीन पडणे आणि जुलाब सुरू होताच रुग्णाच्या ओठांना मीठ-साखरेचे पाणी लागणे, या तीन गोष्टी जेथे होतात तेथे हा जिवाणू खाडीत राहूनही माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी त्याला मारू शकत नाही.